तरुण व्यावसायिकाने स्वतःचे शिक्षण कसे आखावे: निर्णयवहीपासून थांबण्याच्या अटीपर्यंत

शाळा-कॉलेजात प्रश्न दुसरे कोणीतरी काढते, उत्तर आधीच ठरलेले असते आणि ठरलेल्या दिवशी निकाल लागतो. धंद्यात यातले काहीच नसते. प्रश्न कोणता हे स्वतःच शोधावे लागते, एकाच प्रश्नाची दोन-तीन उत्तरे चालून जातात, आणि निकाल कधी आठवड्यात लागतो तर कधी वर्ष उलटले तरी लागत नाही. पंचविशीतली हुशार मुले स्वतःचा व्यवसाय सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत गांगरून जातात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. ज्यांनी नुकताच व्यवसाय सुरू केला आहे आणि ज्यांना आता आपण नेमके काय शिकावे, कोणत्या क्रमाने शिकावे असा प्रश्न पडला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उद्योजकाची मनोवृत्ती भाषणे ऐकून अंगी बाणत नाही, ती कामाच्या काही ठरावीक सवयींतून घडते आणि त्या सवयी कोणालाही शिकता येतात, असे माझे ठाम मत आहे.

या मताला चांगला आधार आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशाच्या राजधानीत, लोमे येथे, १५०० छोट्या व्यावसायिकांवर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या व्यावसायिकांचे तीन गट केले होते. एका गटाला हिशेब, विक्री, मनुष्यबळ असे नेहमीचे व्यवसाय-प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्या गटाला स्वतःहून पुढाकार घेणे, पुढच्या अडचणी आणि संधी आधीच हेरणे आणि अडथळा आल्यावरही प्रयत्न न सोडणे यांचे प्रशिक्षण मिळाले, तर तिसऱ्या गटाला काहीच मिळाले नाही. पुढच्या दोन-अडीच वर्षांत पुढाकाराचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीचे प्रशिक्षण घेतलेल्यांची वाढ ११ टक्के होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती योगायोगापासून वेगळी काढता आली नाही. यावरून हिशेब शिकण्याची गरज नाही असा अर्थ कोणी काढू नये; त्याकडे पुढे येतोच. मात्र मनोवृत्ती जन्मजात असते, ती शिकवता येत नाही, हा समज या प्रयोगानंतर धरून ठेवणे अवघड आहे.

पहिली पायरी: निर्णयवही घाला

शिक्षणाची सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी आपण काय गृहीत धरत आहोत, ते का गृहीत धरत आहोत, ते खरे की खोटे हे कशावरून कळेल आणि कोणत्या तारखेला कळेल, या गोष्टी त्या वहीत लिहायच्या. इटलीत ११६ नवउद्योगांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सर्वांना सारखेच व्यवसाय-प्रशिक्षण दिले गेले. फक्त निम्म्यांना आपली कल्पना शास्त्रज्ञासारखी, म्हणजे गृहीतक मांडून आणि कसून तपासून पाहायला शिकवले. त्या गटाची कामगिरी सरस ठरली आणि मूळ कल्पना सोडून दुसऱ्या कल्पनेकडे वळण्याचे प्रमाणही त्याच गटात जास्त होते. चुकीच्या वाटेवरून लवकर मागे फिरणे हे या पद्धतीचे खरे फळ आहे.

वहीतली नोंद कशी असावी हे उदाहरणानेच कळेल. समजा, एक तरुणी यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय चालवते आणि वार्षिक देखभाल करार सुरू करावेत असे तिच्या मनात आहे. तिची नोंद अशी असेल:

१ मार्च. निर्णय: वार्षिक देखभाल करार सुरू करायचे का?
गृहीतक: पुन्हा पुन्हा दुरुस्तीसाठी बोलावणाऱ्या ग्राहकांपैकी निदान ४० टक्के ग्राहक वर्षाचे पैसे आगाऊ भरतील, कारण अचानक अंगावर येणारा खर्च त्यांना नको असतो.
तपासणी: जुन्या २० ग्राहकांना १५ मार्चपर्यंत भेटायचे. तोंडी होकार मोजायचा नाही. आगाऊ रक्कम जमा झाली तरच करार झाला.
निकष: ८ किंवा अधिक करार झाले तर योजना सर्वांसाठी, ४ ते ७ झाले तर अटी बदलून आणखी एकदा, त्याहून कमी झाले तर कल्पना बंद.
१६ मार्च. निकाल: ३ करार. नकार देणाऱ्या १७ पैकी ११ जणांना खर्चाची चिंता नाही. माणूस येईपर्यंत दोन-दोन दिवस काम अडते, हे त्यांचे दुखणे आहे. पुढचे गृहीतक: त्याच दिवशी येण्याची हमी दिली तर ते जादा दर देतील.

या नोंदीत निकष आधी लिहिला आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. तो आधी लिहिला नसता तर ३ करारांनंतर ‘सुरुवात तर झाली, हळूहळू वाढेल’ असे मन सहज म्हणाले असते आणि पुढचे सहा महिने त्या योजनेत गेले असते. ‘कारण’ या शब्दापुढचा भागही तितकाच मोलाचा आहे, कारण इथे नुसता आकडा चुकला नाही, ग्राहकाला काय टोचते याबद्दलची समजूत चुकीची ठरली. ती समजूत कागदावर नसती तर ११ जणांचे उत्तर कानावरून गेले असते. प्रत्येक किरकोळ बाबीसाठी एवढा खटाटोप करू नये. ज्या निर्णयात पैसा, वेळ किंवा नाव मोठ्या प्रमाणावर गुंतणार आहे, असा एकच निर्णय एका वेळी तपासावा.

दुसरी पायरी: रोकड वाचायला शिका

तरुण व्यावसायिक सर्वांत जास्त अडतो तो इथे, म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. कॉमर्स शिकलेल्यांनाही नफा आणि रोकड यांतला फरक पुस्तकात कळलेला असतो, पण स्वतःच्या धंद्यात दिसत नाही. तो फरक एकदा हाताने आकडेमोड करून पाहावा.

समजा, महिन्याची विक्री १०० आहे, मालावर ६० खर्च होतात आणि भाडे, पगार वगैरे ठरलेला खर्च २५ आहे. म्हणजे महिन्याचा नफा १५. माल आणि ठरलेला खर्च त्याच महिन्यात चुकवावा लागतो, ग्राहक मात्र दोन महिन्यांनी पैसे देतात. पहिल्या महिन्यात ८५ जातात, येत काहीच नाही. दुसऱ्या महिन्यातही तेच, म्हणजे १७० ची तूट. तिसऱ्या महिन्यापासून १०० येऊ लागतात आणि तूट हळूहळू भरून निघते. आता नेमक्या तिसऱ्या महिन्यात मोठी ऑर्डर मिळून विक्री दुप्पट, म्हणजे २०० झाली असे धरू. माल १२० चा, ठरलेला खर्च तोच २५, म्हणजे नफा महिन्याला ५५ झाला. पण तिसऱ्या महिन्यात हाती येतात पहिल्या महिन्याचे १०० आणि जातात १४५. चौथ्या महिन्यातही तसेच. तूट १७० वरून २१५ वर आणि मग २६० वर जाते. पाचव्या महिन्यात वाढलेल्या विक्रीचे पहिले पैसे येतात, तोवर धंदा तगला तर. नफा साडेतीन पटीहून जास्त वाढला आणि त्याच काळात रोकडीचा खड्डाही खोल झाला. वाढता धंदा बंद पडल्याचे ऐकून लोक चकित होतात. त्यामागे पुष्कळदा एवढेच साधे गणित असते, आणि खेळते भांडवल या शब्दाचा खरा अर्थ या गणितातच कळतो.

म्हणून पुढच्या १३ आठवड्यांचा, म्हणजे साधारण एका तिमाहीचा रोकड-अंदाज तयार करावा. प्रत्येक आठवड्याला एक स्तंभ, वर सुरुवातीची शिल्लक, खाली येणारे पैसे, त्याखाली जाणारे पैसे, तळाला अखेरची शिल्लक. येणारा पैसा बिल फाडल्याच्या तारखेला धरू नये. तो ग्राहक आजवर प्रत्यक्षात ज्या दिरंगाईने पैसे देत आला आहे त्या तारखेला धरावा. दर आठवड्याला एक ठरलेला वार निवडून जुना आठवडा खऱ्या आकड्यांनी भरावा आणि शेवटी नवा आठवडा जोडावा. अंदाज आणि वस्तुस्थिती यांतली तफावत पाहत राहणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे. ज्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाताना दिसते तो आठवडा दोन महिने आधी दिसला, तर ग्राहकाकडे आगाऊ रक्कम मागता येते किंवा पुरवठादाराकडून मुदत घेता येते; दोन दिवस आधी दिसला तर फक्त हात पसरता येतात.

दुसरा हिशेब सवलतीचा. वरच्याच उदाहरणात १०० च्या विक्रीवर मालाचा खर्च वजा जाता ४० उरतात. विक्री वाढावी म्हणून १० टक्के सूट दिली तर ९० येतात, माल मात्र ६० चाच लागतो, म्हणजे उरतात ३०. पूर्वीइतकाच नफा मिळवायचा तर माल एक तृतीयांशाने जास्त विकावा लागेल. सूट देण्यापूर्वी हे गणित आपल्या आकड्यांनी करून पाहावे. बाजारात नवा असलेला तरुण मालक भाव पाडून ग्राहक जोडायला जातो तेव्हा किती धोका पत्करतो, हे त्याला या एका आकड्यातून कळते.

हिशेब साधा ठेवावा. डॉमिनिकन रिपब्लिकमधील छोट्या व्यावसायिकांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेखाशास्त्राचे रीतसर धडे फारसे उपयोगी ठरले नाहीत. घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळे ठेवण्यासारखे ढोबळ नियम शिकवले त्यांच्या व्यवहारात मात्र ठळक सुधारणा दिसली. त्यामुळे बँक खाते वेगळे असावे, स्वतःचा पगार ठरवून तो ठरलेल्या तारखेलाच घ्यावा आणि मधे गल्ल्यातून उचल घेऊ नये. लेखाशास्त्राचे सखोल ज्ञान जाणकाराकडून विकत घेता येते. रोजचे येणे-देणे मात्र मालकाच्या डोक्यात ताजे असायला हवे.

तिसरी पायरी: ग्राहकाला भूतकाळाबद्दल विचारा

‘आम्ही अशी सेवा दिली तर तुम्ही घ्याल का?’ या प्रश्नाला समोरचा माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो, विशेषतः विचारणारा तरुण आणि उत्साही असेल तर. त्या होकाराला किंमत नसते. ‘शेवटच्या वेळी ही अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलेत? किती वेळ गेला? किती खर्च आला? त्याआधी कोणाकोणाला विचारलेत?’ असे प्रश्न विचारावेत. माणूस स्वतःच्या भविष्याबद्दल सहज चुकतो, पण केलेल्या गोष्टीबद्दल बरेच खरे सांगतो. ज्या अडचणीवर त्याने आजवर एक तासही घालवलेला नाही, ती सोडवण्यासाठी तो पैसे मोजेल ही आशा धरू नये. आपली कल्पना सांगण्याची घाई टाळून निम्म्याहून जास्त वेळ ऐकण्यात घालवावा आणि उत्तरे त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावीत.

चौथी पायरी: किती गमावले तर चालेल ते आधी ठरवा

धाडस हा उद्योजकाचा मुख्य गुण असे सांगितले जाते, पण अनुभवी उद्योजकांची विचारपद्धती तपासली तर वेगळेच चित्र दिसते. सरस सरस्वती या संशोधिकेने मुरलेल्या उद्योजकांपुढे एक काल्पनिक उद्योग ठेवून त्यांना मोठ्याने विचार करायला सांगितले आणि त्यातून २००१ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. हे लोक अपेक्षित नफ्याच्या मोठ्या गणितात शिरत नव्हते. आपल्याकडे काय आहे, आपण कोणाला ओळखतो आणि यात किती गमावण्याची आपली तयारी आहे, इथून ते सुरुवात करत होते.

तरुणांना याची गरज जास्त आहे, कारण स्वतःच्या धंद्याबद्दल प्रत्येकाचा अंदाज फुगलेला असतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २९९४ अमेरिकन व्यावसायिकांना आपल्या यशाची शक्यता विचारली, तेव्हा ८१ टक्क्यांनी ती १० पैकी ७ किंवा जास्त सांगितली आणि एक तृतीयांश लोकांनी चक्क १० पैकी १० सांगितली. आपल्यासारख्याच इतर धंद्यांबद्दल मात्र त्यांचे मत बरेच सावध होते. उत्साह हवाच, त्याशिवाय कोणी धंद्यात पडणार नाही. फक्त रक्कम ठरवण्याचे काम उत्साहाच्या हाती देऊ नये.

म्हणून प्रत्येक नव्या प्रयत्नापूर्वी तीन मर्यादा लिहाव्यात: किती पैसे, किती महिने आणि कोणते संबंध पणाला लागणार. तिसरी मर्यादा बहुतेक जण विसरतात. आई-वडिलांची पुंजी, मित्राने दिलेली हमी, नातेवाइकांकडून हातउसने घेतलेले पैसे बुडाले तर त्यासोबत माणूसही दुरावतो. म्हणून घरातून पैसे घेताना ते कर्ज आहे की भागीदारी, परत कधी करायचे आणि धंदा बंद पडल्यास काय, हे लिहून दोघांनी सही करावी. आपुलकीच्या नात्यात कागद कशाला असे वाटते, पण ती आपुलकी पुढेही टिकावी यासाठीच हा कागद करायचा. याशिवाय मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक पद्धत वापरावी. निर्णय अमलात आणण्याआधी सर्वांनी एकत्र बसावे, ‘एक वर्ष उलटले आहे आणि हा प्रयत्न पूर्ण फसला आहे’ असे धरावे आणि तो का फसला याची कारणे प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावीत. एरवी मालकापुढे शंका काढायला कचरणारा कर्मचारीही इथे मोकळेपणाने लिहितो, कारण अपयश आधीच गृहीत धरलेले असते.

पाचवी पायरी: अनुभव उसना घ्या

यशस्वी उद्योजक विशीतलाच असतो ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेतील नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की संस्थापकांचे सरासरी वय ४२ होते, आणि हजारातून एक अशा सर्वाधिक वेगाने वाढलेल्या कंपन्यांत ते ४५ होते. त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यशाची शक्यता लक्षणीय जास्त होती. तरुणांनी यावरून खचू नये. आपल्याकडे कशाची कमतरता आहे हे यातून अचूक कळते, आणि ती भरून काढायचे मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे त्याच क्षेत्रातला जाणता माणूस. ‘मला मार्गदर्शन करा’ अशी मोघम विनंती करू नये. एक नेमका प्रश्न, त्यासोबतचे आकडे आणि आपण स्वतः काढलेली दोन उत्तरे घेऊन जावे, सल्ला घ्यावा आणि महिन्याभराने त्याचे काय झाले ते आवर्जून कळवावे. आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे कळते तेव्हा अनुभवी माणूस पुन्हा वेळ देतो. पुरवठादारांकडेही याच दृष्टीने पाहावे. धंद्यातले कितीतरी लोक उभे राहताना आणि बुडताना त्यांनी जवळून पाहिलेले असतात, आणि त्यांना विचारणारे फार थोडे असतात.

दुसरा मार्ग बरोबरीच्या व्यावसायिकांचा गट. चीनमध्ये २८२० तरुण कंपन्यांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही कंपन्यांचे मालक-व्यवस्थापक वर्षभर दर महिन्याला छोट्या गटांत भेटत राहिले. न भेटणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या कंपन्यांचे उत्पन्न ८.१ टक्क्यांनी वाढले आणि बैठका संपल्यावर वर्षभरानेही परिणाम टिकून होता. एकमेकांचे स्पर्धक नसलेले मालक उपयुक्त माहिती अधिक मोकळेपणाने सांगत होते. त्यामुळे गट जमवताना सात-आठ जण, वेगवेगळ्या क्षेत्रांतले आणि शक्यतो निम्मे तरी आपल्यापेक्षा पुढे गेलेले असे पाहावे. प्रत्येक बैठकीत एकाने आपला रोकड-अंदाज आणि निर्णयवही सर्वांपुढे ठेवावी. आकडे समोर नसलेली बैठक दोन-तीन महिन्यांत नुसत्या गप्पांवर येते, म्हणून हा नियम मोडू देऊ नये.

औपचारिक अभ्यासक्रमांबद्दल थोडेसेच सांगतो. करार, कर, कामगारविषयक नियम, गुणवत्ता मानके अशा विषयांत रीतसर शिक्षणाला पर्याय नाही. तिथे अंदाजाने शिकणे महागात पडते. बाकी विषय वहीतून वर येऊ द्यावेत. सलग तीन महिने उधारी वसूल होत नसेल तर वाटाघाटीचे शिक्षण घ्यावे, माणसे टिकत नसतील तर नेमणूक आणि कामाची वाटणी शिकावी. गरज उभी राहिल्यावर घेतलेला धडा त्याच आठवड्यात कामाला लागतो आणि लक्षात राहतो. दोन वर्षांनी कधीतरी उपयोगी पडेल म्हणून गोळा केलेली प्रमाणपत्रे तशी उपयोगी पडत नाहीत.

सहावी पायरी: महिन्याचा आढावा आणि थांबण्याची अट

महिन्याच्या अखेरीस दोन तास राखून ठेवावेत, फोन बंद करावा आणि वहीतल्या प्रत्येक निर्णयाची छाननी करावी. छाननीत निर्णयाचा दर्जा आणि निकाल या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. नीट विचार करून, तपासून घेतलेला निर्णय बाजार अचानक फिरल्याने फसू शकतो, आणि डोळे मिटून घेतलेला निर्णय नशिबाने फळू शकतो. पहिल्यासाठी स्वतःला दोष देत बसू नये आणि दुसऱ्यावर खूश होऊ नये, कारण पुढच्या वेळी तोच बेफिकीरपणा अंगाशी येतो. विशीत धंदा आणि आपण स्वतः एकच असल्यासारखे वाटते, त्यामुळे ऑर्डर हुकली की आपणच नालायक ठरलो असे वाटू लागते. वहीतली नोंद समोर असली की नेमके कोणते गृहीतक चुकले तिथे बोट ठेवता येते आणि मन शांत राहते.

थांबण्याची अट धंदा बरा चालू असतानाच लिहून ठेवावी: रोकड किती आठवड्यांच्या खर्चाइतकी उरली की नवी खरेदी बंद करायची, किती महिने ठरलेला खर्च भरून निघाला नाही की धंद्याचे स्वरूप बदलायचे, आणि कोणत्या आकड्याला पोहोचलो की गुंडाळायचे. शेवटचा आकडा ठरवताना कर्मचाऱ्यांचे पगार, कर आणि पुरवठादारांचे देणे चुकते करण्याइतकी रक्कम हातात राहील अशा बेताने तो ठरवावा, म्हणजे पुन्हा बाजारात उतरताना त्याच माणसांपुढे तोंड दाखवता येते. ही अट भागीदाराला, घरच्यांपैकी एकाला आणि गटातल्या एका सदस्याला वाचायला द्यावी आणि तिमाहीतून एकदा ताज्या आकड्यांशी ताडून पाहावी.